म्या फक्त देवालाच सांगितलं होतं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मागून कुणी नावं ठेवायला नको. म्या कुणाला काही सांगितलं नव्हतं. बानाबाई म्हणली, "कुणाला बोलू नगा मावशी," आन् मी नाय बोलले. शेजारणीला नाय, नळावर नाय, घरच्या माणसाला सुद्धा नाय. म्या फक्त देवालाच सांगितलं. आता देवाशी बोलताना माझा आवाज जरा मोठा लागतो, आन् आमच्या खोल्यांचे पत्रे पातळ, त्याला मी काय करणार?

पण व्हय, चूक माझीच होती. ती आता समदी सांगते.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आम्ही तवा चिकलठाण्याला नानासाहेबाच्या खोल्यांत राहत होतो. नानासाहेबाची जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यानं समोरासमोर सहा-सहा खोल्या बांधल्या, मधी एक नळ बसवला आन् कामगारांना भाड्यानं दिल्या. बारा खोल्यांत बारा गावची माणसं. आम्ही ख्रिस्ती, सात नंबरात. समोरच्या ओळीत चार नंबरात चंपाबाई, ती बौद्ध. कडंला मराठ्यांची दोन-तीन घरं, एक लिंगायत, एक तेलगू बोलणारा वेल्डर. माझा मालक कडुबा एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन. तो दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "चहा टाक". बाकीचं समदं बोलणं देवानं माझ्या वाट्याला दिलं.

दर बुधवारी पहिली पाळी सुटली की माझ्या ओट्यावर घरप्रार्थना असायची. आसपासच्या वस्त्यांतल्या आठ-दहा बाया यायच्या. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, एरवी प्रार्थना चालवायचे मी. मिशनच्या शाळेत चौथी शिकलेली ना मी! आन् माझी प्रार्थना मोघम नसती. काही बाया नुसतं म्हणतात, देवा, आजाऱ्यांना बरं कर. अगं, कोणत्या आजाऱ्यांना? त्याला काय एकच घर हाय का बघायला? मी नाव घेते, खोलीचा नंबर सांगते, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, गोळी कोणती चालू हाय, समदं सांगते. पाळकसाहेब एकदा हसून म्हणले, "सरूबाई, देव सर्वज्ञ आहे." म्या म्हणलं, "आसंल साहेब, पण आठवण करून दिलेली बरी."

त्या वर्षी उन्हाळ्यात अकरा नंबरात मल्हारी आन् बानाबाई राहायला आले. धनगराची माणसं, फर्दापूरकडची. मेंढरं विकून टाकली आन् मल्हारी कारखान्यात लागला. यंत्राखाली लोखंडाचा कीस पडतो ना, तो पाटीत गोळा करून बाहेर नेऊन टाकायचं काम. दसऱ्यानंतर कायम करतो असं साहेबानं त्याला सांगितलेलं. माणूस सहा फुटी, पण बोलायला गेलं की मान खाली. बानाबाई सात महिन्यांची गरोदर. तिला इथं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याकडं यायची. मेथी निवडू लागायची, मावशी-मावशी करायची. एकदा तिची शेळी हरवली, म्या बुधवारी देवाला शेळीचा रंग आन् मोडकं शिंग सांगितलं आन् गुरुवारी ती विमानतळाच्या तारेपाशी सापडली. तवापासून बानाबाईचा माझ्यावर फार भरवसा. "तुमचा देव लगेच आयकतो," म्हणायची.

आन् त्याच भादव्यात प्लेग आला.

आधी बीडकडून बातमी आली, घराघरांत उंदीर मरून पडायलेत. मग सुरतेची आली आन् तिकडून रेल्वेनं पळून आलेल्या माणसांच्या बातम्या आल्या. औरंगाबादेत माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडायला लागली. दुकानांतल्या गोळ्या संपल्या, शाळांना सुट्ट्या पडल्या. कुणी शिंकलं की नळावरची रांग मोडायची. रेडिओवर दिवसातून चारदा सांगायचे, ताप येतो आन् बगलंत नाय तर जांघंत गाठ येते. झालं! अख्खी वस्ती आपापल्या बगला चाचपत फिरायला लागली. आमच्यातल्या दोन खोल्यांना कुलपं लागली, माणसं गावाकडं निघून गेली.

मंगळवारी दुपारी बानाबाई माझ्याकडं आली. दार लोटून घेतलं, खाली बसली आन् माझा हात धरून रडायला लागली.

"मावशी, त्यांना परवापासून ताप हाय. आन् बगलंत गाठ आलीय."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"नाय. ते म्हणत्यात, दवाखान्यात नेलं की डांबून ठेवत्यात, माणूस परत येत नाय. कामावर कळलं तर काम बी जाईल. मावशी, कुणाला बोलू नगा. तुम्ही तेवढं तुमच्या देवाला सांगा."

आमच्यात शपथ घेत नाहीत, म्हणून म्या नुसतं म्हणलं, "कुणाला सांगत नाय, जा." आन् खरंच सांगितलं नाय. मंगळवारभर तोंड असं गच्च मिटून धरलं की कडुबानं विचारलं, दात दुखतोय का.

बुधवार उजाडला. बाया आल्या, दोन गाणी झाली, प्रार्थनेला सुरुवात झाली. डोळे मिटले की मला दुसरं काही दिसत नाय, फक्त तो आन् मी. म्या सुरुवात केली, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझी स्तुती असो, तुझे उपकार मानते. बापा, आज एक मोठं गाऱ्हाणं हाय. अकरा नंबरातल्या मल्हारीला हात लाव. रविवारपासून अंगात ताप हाय. उजव्या बगलंत लिंबाएवढी गाठ हाय. भाकर जात नाय. दवाखान्याला भितोय. बायको सात महिन्यांची गरोदर. बापा, ही गाठ विरघळव..." आन् असंच पुढं. मला वाटतंय, त्या दिवशी माझी प्रार्थना लई रंगली. बोलता बोलता माझे मलाच डोळे भरून आले.

आमेन म्हणून डोळे उघडले. दर बुधवारी नंतर चहा होतो, पण त्या दिवशी चहाला कुणी थांबलं नाय. पदर तोंडाला लावून एकेक बाई असली पळाली की एकीची वहाण माझ्याच ओट्यावर राहिली. समोर चंपाबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, अकरा नंबराकडं बघितलं आन् दार लावून घेतलं.

कडुबा आत खाटंवर बसला होता. तो म्हणला, "सरे, देव बहिरा नाय."

आमच्या तीस वर्षांच्या संसारातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण ते. मला असा राग आला! म्या म्हणलं, "म्या कुणाला सांगितलं? देवाला सांगितलं!" पण बोलतानाच कळलं की मी काय करून बसले.

गुरुवारी सकाळी नळावर माणसंच माणसं. पाणी कुणी भरत नव्हतं, समदे अकरा नंबराकडं बघत उभे. नानासाहेब आला, नाकावर रुमाल बांधलेला. माणूस वाईट नाय हं. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तवा आमच्या ह्याच नळावर दोन रांगा झाल्या होत्या. एक निळ्या झेंड्यावाल्यांची आन् एक बाकीच्यांची. नानासाहेब स्वतः मराठा, तरी काठी घेऊन तीन दिवस सकाळी नळाशी उभा राहिला. "पायपातून पाणी एकच येतंय, रांग बी एकच लागंल," म्हणला आन् एक रांग लावून सोडली. पण प्लेगापुढं त्याचंही धाडस संपलं होतं.

"मल्हारी," तो लांबूनच ओरडला, "खोली खाली कर बाबा. माझ्या बाकीच्या अकरा खोल्यांत लेकरंबाळं हायेत. मला समद्यांचा विचार करावा लागतो."

थोड्या वेळानं दार उघडलं आन् बानाबाई रिकामी घागर घेऊन बाहेर आली. ती दोन पावलं पुढं आली की माणसं चार पावलं मागं सरायची. कुणीतरी म्हणलं, "नळाला हात लावू नको." ती तिथंच थांबली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. शिवी नाय, शाप नाय, नुसती बघत राहिली.

तुम्हाला म्हणून सांगते, असं मी एकदा बघितलेलं होतं, पण दुसऱ्या बाजूनं. अठ्ठ्याहत्तर सालात नामांतराचा दंगा पेटला, तवा आम्ही जालन्याकडं माझ्या सासरच्या गावी होतो. आमचं घर बौद्धवाड्याला लागून. आम्ही ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झालेल्या, पण जाळणाऱ्यांनी दारावरचा क्रूस कुठं वाचला? घर गेलं. त्याच्या आधी दोन दिवस विहिरीवर आम्हाला पाणी बंद झालं होतं. मी अशीच घागर घेऊन उभी होते, आन् समोर ज्या बाईसोबत मी रोज शेतात निंदायला जायचे, ती बाई मान फिरवून उभी. तो अपमान सोळा वर्षं माझ्या काळजात हाय. आन् आज मीच ती घागर दुसऱ्या बाईच्या हातात दिली होती.

मी घरात गेले, माझी भरलेली घागर उचलली आन् चालत निघाले. चंपाबाईनं मला धरलं. "सरू, येडी झाली का? मरशील!"

"मेले तर माझ्यासाठी प्रार्थना करा," म्या म्हणलं, "पण हळू आवाजात करा."

भ्याले का? लई भ्याले. मला काही हौस नव्हती मरायची. पण बानाबाईच्या त्या बघण्याची मला प्लेगाहून जास्त भीती वाटत होती. मी तिच्या शेजारून आत शिरले, घागर ठेवली आन् म्हणलं, "बाने, माझं चुकलं." ती मागून आत आली. घागर घेतली, पाणी ओतून घेतलं, रिकामी घागर माझ्या पायाशी ठेवली आन् कोपऱ्यात जाऊन बसली.

मल्हारी भिंतीकडं तोंड करून पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. म्या ठरवलं, आलेच हाय तर आमच्या रीतीनं करू. आमच्यात आजाऱ्याचा हात धरून प्रार्थना करतात. मी त्याच्या शेजारी बसले, डोळे मिटले आन् त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत गच्च धरला.

मी देवाला हाक मारायच्या आत मल्हारीनं खंडोबाला हाक मारली. असा ओरडला की बाहेरची समदी माणसं रस्त्यापर्यंत पळाली.

"आरं काय झालं?"

"बोट! मावशी, बोट!"

म्या बघितलं. मधल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, हळदीनं पिवळी झालेली. चिंधी सोडली तर बोट वांग्यासारखं सुजलेलं, नखाच्या कडंला पू. भलंमोठं नखुर्डं झालं होतं.

"हे कधी झालं?"

"आठ-दहा दिवस झाले. किसाचा तुकडा घुसला होता. म्या काट्यानं काढला."

"मग सांगितलं का नाय?"

"त्यात काय सांगायचं मावशी? मेंढरांमागं असले शंभर काटे जात्यात. आन् साहेबानं बघितलं असतं तर कामावरून बसवला असता."

म्या कपाळाला हात लावला. हाताला जखम चिघळली की बगलंत गाठ धरते, पायाला चिघळली की जांघंत. अवधाण म्हणतात त्याला, आमच्या सासूला वर्षातून दोनदा यायचं. ह्या मेंढक्याला ते ठाऊक नव्हतं का? होतं. पण रेडिओवर गाठ-गाठ ऐकून त्याचं डोकंच चालंना, आन् बाकीचे तर कुणी जवळच गेले नव्हते. हात धरल्याशिवाय बोट कुणाला दिसणार?

"ऊठ," म्या म्हणलं. "दवाखान्यात चल."

"नाय मावशी, डांबत्यात."

"डांबलं तर मला बी तुझ्यासंगट डांबतील. आन् मला डांबलं तर दवाखान्यावाले दोन दिवसांत हात जोडून सोडतील. ऊठ म्हणते ना!"

मी वरवर असं बोलत होते, पण मी काय डॉक्टर नाय. बोट सुजलं म्हणून प्लेग नसंलच असं थोडंच हाय? मनात धाकधूक होतीच. जालना रोडवर चार रिक्षावाल्यांनी मल्हारीनं अंगाला गुंडाळलेलं कांबळं बघून रिक्षा पळवली. पाचवा थांबला, इस्माईलभाई, आमच्या मागच्या गल्लीतला. त्यानं तोंडावर एकावर एक तीन रुमाल बांधलेले, आतून बोललेलं धड ऐकू येत नव्हतं. "बैठो खाला," म्हणला, "मरना तो एकीच बार है. पन बाहर की तरफ मुंडी रखो भाई की." बानाबाई मधी बसली, माझ्याकडं पाठ करून.

घाटीच्या दवाखान्यापर्यंत म्या प्रार्थना केली. जन्मात पहिल्यांदा तोंड न उघडता केली. देवा, आज आवाज येत नसंल तर माझ्या छातीला कान लाव. मला माफ कर असं म्हणत नाय, ते मागाहून बघू. आधी ह्या माणसाचं बोट बोटच राहू दे. एवढंच परत परत.

दवाखान्यात समदे तोंड बांधलेले. एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं गाठ दाबली, बोट बघितलं, कसलं कसलं विचारलं, रक्त काढून तपासायला दिलं. तेवढ्यात मल्हारीनं सुई बघितली. लांडग्याला काठीनं हाणणारा गडी, डोळे पांढरे करून खाटंवर आडवा! तो शुद्धीवर यायच्या आत तिनं बोटाला चीर देऊन पू काढून टाकला. रक्ताचं उत्तर येईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं. मग ती आली आन् हसून म्हणली, "मावशी, प्लेग नाही. बोटातलं विष वर चढलं होतं. पाच दिवसांत कामावर जाईल."

मी तिथंच बाकावर बसून रडले. बानाबाई बी रडली, पण तोंड फिरवून.

"बाई, हे कागदावर लिहून द्या," म्या डॉक्टरीणबाईला म्हणलं. "मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्याकडं लोक लांबून वाचणारे हायेत."

औषधाच्या खिडकीपाशी गेले तर रांगेत कोण? आशाबाई, नानासाहेबाची बायको. पदरानं अर्धं तोंड झाकलेलं, पण मी चालीवरनं ओळखलं. ती दचकली. मला बाजूला ओढून म्हणली, "सरूबाई, घरात ह्यांना चार दिवस झाले, खोकला हाय. रातंदिवस खोकतात आन् कुणाला कळू नये म्हणून उशीत तोंड घालून खोकतात. गोळ्या न्यायला आलेय. तुझ्या पाया पडते, कुणाला सांगू नको." मग जरा थांबून म्हणली, "आन् देवाला बी सांगू नको."

हे मी आता सांगायलेय, कारण पुढं संक्रांतीला आशाबाईनंच ते हळदीकुंकवाच्या बायांना पोट धरून हसत सांगितलं. खोकला तंबाखूचा निघाला. पण त्या दिवशी ते शब्द मला फार लागले. देवाला बी सांगू नको. माझ्या प्रार्थनेची ही किंमत झाली होती.

आम्ही परत आलो, तर अकरा नंबराला कुलूप. बानाबाईची चूल, घागर, दोन पातेली, गोधडी, मल्हारीची काठी, समदं गाठोड्यात बांधून नळापाशी ठेवलेलं. शेळी गाठोड्याला बांधलेली. भोवती माणसं, मधी नानासाहेब.

म्या कागद वर धरला. "प्लेग नाय! डॉक्टरीणबाईनं लिहून दिलंय, बघा!"

कागद कुणी हातात घेईना. एक जण म्हणला, "कागदाला बी लागलेलं असंल."

नानासाहेब माझ्याकडं न बघता म्हणला, "सरूबाई, नसंल प्लेग. पण लोक ऐकत नाहीत. सकाळपासून तिघांनी खोल्या सोडतो म्हणून सांगितलंय. महिनाभर त्यांना गावाकडं जाऊ दे, मग बघू."

महिनाभर! पाच दिवसांत कामावर नाय गेला तर मल्हारीची जागा दुसऱ्याला जाणार हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आन् गावाकडं काय होतं त्यांचं? मेंढरं विकलेली, वाडा मोडलेला. बानाबाई वाकली आन् गाठोडं उचलायला लागली. सात महिन्यांचं पोट, तिला वाकवंना. तरी कुणाकडं बघितलं नाय तिनं.

मला वाटलं, आता भांडावं. भांडण मला लई चांगलं येतं. पण माझ्या भांडणाला ती माणसं सरावलेली होती. मग मला दुसरं सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही येतच नव्हतं मला. मी नळापाशी जाऊन उभी राहिले, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आन् डोळे मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या!"

तुम्ही आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला कितीही नावं ठेवा, पण कुणीही कुठल्याही देवापुढं हात जोडून उभं राहिलं की तो मधी बोलत नाय. बोलणं थांबलं. कुणीतरी वहाणा काढल्याचा आवाज आला.

"बापा, मी सरूबाई कडुबा साळवे, खोली नंबर सात. आज दुसऱ्या कुणाचं सांगत नाय, माझंच सांगते. ह्या पोरीनं माझ्यावर भरवसा टाकला आन् म्या तिचं गुपित तुझं नाव घेऊन चव्हाट्यावर मांडलं. म्या म्हणलं, फक्त देवाला सांगितलं. खोटं हाय ते. मला ठाऊक होतं बाया ऐकतात. मला बरं वाटतं बाया ऐकतात तवा. समद्यांच्या घरातलं मला ठाऊक हाय, हे समद्यांना कळलेलं मला आवडतं. तुझ्यापुढं उभी राहून म्या चहाड्या केल्या, बापा. आन् त्याच्यामुळं आज एक गरोदर बाई रस्त्यावर उभी हाय, जशी मी एकदा उभी होते."

मी पुढं बोलले.

"मल्हारीला प्लेग नाय. त्याच्या बोटात लोखंड घुसलं होतं. कुणी त्याचा हात धरला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आन् बापा, खोली सोडा म्हणणाऱ्यांच्या घरात..."

आन् तिथं माझी जीभ थांबली.

कारण पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलेलं होतं. तयार होतं, पिकलेलं होतं. नानासाहेबाला चार दिवस खोकला हाय, बापा, तो उशीत तोंड घालून खोकतो. एवढं बोलले असते तर तिथल्या तिथं त्याचं नाक कापलं गेलं असतं. मग कोण कुणाला खोली सोडायला लावतो बघितलं असतं! खरं सांगते, लई मोह झाला. आन् डोळे मिटलेले असून मला कळत होतं की नानासाहेब माझ्याकडं बघतोय, आन् आशाबाई मागं कुठंतरी उभी राहून कापतेय.

म्या ते वाक्य गिळलं. त्याच पापाची माफी मागताना तेच पाप कुठं करू?

"ज्याच्या त्याच्या घरातलं तुला ठाऊक हाय, बापा," म्या म्हणलं. "मी नाय सांगत."

मग मी गप्प झाले. आमेन म्हणलं नाय. आमेन म्हणलं असतं तर प्रार्थना संपली असती, माणसं हलली असती आन् बानाबाई गाठोडं घेऊन निघून गेली असती. म्हणून मी तशीच उभी राहिले. आन् माझी प्रार्थना संपली नाय म्हणून कुणाला हलता येईना. ऊन चटके देत होतं. शेळी एकदा ओरडली. नळ टपटपत होता. इतका वेळ मी आयुष्यात गप्प राहिले नव्हते. कडुबा नंतर म्हणला की त्याला वाटलं मला झटका आला.

मग एक खोकला ऐकू आला. चांगला घसा फाडून आलेला, चार दिवस दाबून ठेवलेला खोकला. माणसं कुजबुजली. आन् नानासाहेबाचा आवाज आला, "व्हय, मला बी खोकला हाय. चार दिवस झाले. काय करता? मला बी काढता का घराबाहेर?"



"सरूबाईला ठाऊक हाय ते," तो म्हणला. त्याचा आवाज जरा चिरका झाला होता. "ठाऊक असून ती बोलली नाय. मला लाज वाटायली."

किल्ल्या वाजल्या. कुलूप निघाल्याचा आवाज आला. चंपाबाई कुणाला तरी म्हणत होती, "बघत काय उभा राहिलास, पातेली उचल." तरी म्या डोळे उघडले नाहीत. खोली मिळाली, ते खरं. पण माझं गाऱ्हाणं खोलीचं नव्हतं. ती पोरगी सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आन् डोळे उघडल्यावर ती मान फिरवून आत गेलेली दिसली असती तर मला ते सोसलं नसतं. म्हणून आमेन माझ्या जिभेवरच राहिलं.

माझ्या खांद्यावर एक हात पडला. राखेचा वास असलेला, खरबरीत हात.

"आमेन," बानाबाई म्हणली. तिला तो शब्द नीट म्हणता बी येत नव्हता. "झालं ना मावशी? आता डोळे उघडा आन् ही भरलेली घागर माझ्या कमरंवर चढवून द्या. मला वाकवत नाय."